आईच्या दुखण्यावरची कविता चारचौघांत वाचू का?

प्रिय मुली,

बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीचं घर आणि तू पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. डॉक्टरनं कॅन्सरची भीती घालून आईची गर्भपिशवी काढली, त्यावर तू कविता लिहिलीस. कॉलेजच्या कार्यक्रमात ती वाचणार म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "आईची अब्रू वेशीवर टांगतेस का?" तेव्हापासून वही गादीखाली. वाचू की नको, असं विचारतेस.

तू पाठवलेली कविता मी वाचली. पहिल्या आठ ओळींत 'क्रूर व्यवस्था' आहे, 'शोषणाचं चक्र' आहे. त्या ओळी कुणीही लिहिल्या असत्या. मग एकदम येतं: 'टाके ओले होते, तरी आई मोळी घेऊन शिडी चढली. खाडा पडला असता.' तिथं मी थांबले. खाडा पडला की पैसे कापतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं. हे सगळं त्या एका शब्दात आलंय. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचून मी हळहळले होते, आणि विसरलेही होते. शिडीवरची तुझी आई मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. वरच्या आठ ओळी काढून टाक.

भावावर चिडू नकोस. तोही त्याच कोपीत, ऊसतोडीच्या झोपडीत वाढलाय, लोक आईला काय म्हणतील याची त्याला धास्ती वाटते. पण गरज नसताना पिशवी काढणाऱ्याची अब्रू जायला हवी, आईची कशानं जाते? हे त्याला शांतपणे विचार.

आता मला खटकलेलं सांगते. तुझ्या पत्रात भाऊ बोलतो, सर बोलतात, मैत्रिणी बोलतात. आई कुठंच बोलत नाही. तिला ही कविता वाचून दाखवलीस का? दुखणं तिचं आहे गं. सुट्टीत घरी गेलीस की भाकरी झाल्यावर तिच्याजवळ बस आणि वाच. ती रडेल, कदाचित म्हणेल, "टाके नव्हते ओले, ताप होता." तसं बदल. ती नको म्हणाली, तर ही कविता वाचू नकोस. मग तुझी लिही. ती फडात असताना धाकट्याला सांभाळत तू कोपीत बसायचीस, ते तर तुझंच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वही मात्र फाडू नकोस. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी किराणा दुकानात बसून लिहिलेलं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन २० वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. कार्यक्रम पुढच्या वर्षीही असेल.

आई काय म्हणाली ते मला कळव.

तुझी ताई