पॉवर ब्लॉक मिळाला, तरी तार जिवंतच समज

अरे, ब्लॉकचा, म्हणजे कामासाठी रुळावरच्या तारेची वीज बंद केल्याचा, निरोप आला म्हणून लगेच तारेला हात लावायचा नाही. शेजारच्या रुळावरची 25,000 व्होल्टची तार चालूच असते. तिच्यामुळे बंद तारेतही जीव जाईल इतका दाब चढतो. म्हणून डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली उरलेली वीज रुळात उतरवणारी दांडी. आधी क्लॅम्प रुळाला, गंज घासून, घट्ट. मगच हूक तारेला. काढताना हूक आधी. क्रम चुकला तर अर्थिंग तुझ्या अंगातून होईल! रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना हवेत.

तुटका बाँड, म्हणजे रुळांना विजेसाठी जोडणारी धातूची पट्टी, हाताने जोडू नकोस. इंजिनाचा परतीचा करंट रुळातूनच जातो. जुने लोक मुंबई लोकलच्या पूर्वीच्या 1500 व्होल्ट डीसीच्या गोष्टी सांगतील. मजेने ऐक, सवयी मात्र उचलू नकोस.