हनन्याची दोन वर्षं

बाळा, सलाम,

तुझा मेसेज पहाटे पावणेचारला आलेला, म्हणजे नाईट शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत टाईप केलास बहुतेक. "काकी, देव ऐकतो तर मग आमचं असं का" एवढंच लिहिलंयस, पण मला बाकीचं माहितीये ना, 2019 ला कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात पाणी शिरलं, कर्ज काढून माल भरला तोवर 2021 ला परत शिरलं, आणि आता बाबांचं डायलिसिस. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, दोन्ही वेळेला ती पार 55 च्या वर गेलेली, त्यात कुणाचा विश्वास किती ते कसं मोजणार? त्यामुळं "तुमच्या घरात प्रार्थना कमी पडते" असं जे कोणी बोलून गेलं ते आधी डोक्यातून काढून टाक.

तुझ्या स्टेटसला कायम बायबलमधलं यिर्मया 29:11 असतं, ते हिताच्या संकल्पाचं वचन. छान आहे, पण ते एका पत्रातलं आहे बघ, बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून पाठवलेलं. आणि त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगतो की बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येणार, राजा पण आणि देवळातली भांडी पण. लोकांना काय बरं वाटलं असेल! मला यिर्मया आवडतो तो इथं, तो भांडत नाही, तो म्हणतो आमेन, परमेश्वर तसंच करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं की. पण देवाचा शब्द आला तो सत्तर वर्षांचा. 29:11 च्या बरोबर वरची ओळ वाच, तिथं सत्तर लिहिलंय, ती कुणी स्टेटसला ठेवत नाही. आणि सत्तर वर्षं करायचं काय, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, जिथं नेऊन टाकलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा.

आपल्याकडं पण हनन्या कमी नाहीत. युट्यूब उघडलं की "या महिन्यात तुझं कर्ज फिटणार, आमेन टाईप कर". पैसे मागितले तर रुपया देऊ नको. आणि गंमत अशी की तारीख उलटून गेली की माणूस त्या बोलणाऱ्याला काही विचारत नाही, देवावर रुसतो. तुझंही थोडं तसंच झालंय असं मला वाटतं, चुकत असेन तर सांग.

आता यिर्मयाचाच 32 वा अध्याय काढ. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कोंडलेला, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो माझं अनाथोथचं शेत विकत घे. उद्या शत्रूच्या घशात जाणारी जमीन, कोण घेईल? यानं घेतली. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, एक खरेदीखत मोहोरबंद आणि एक उघडं, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला लावली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडं चकरा मारणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. आणि सही करून झाल्यावर तो देवाला काय म्हणतो, की अरे वेढा तर पडलाय, आणि तू मला शेत घे म्हणतोस? म्हणजे व्यवहार झाला तरी मनातला गोंधळ होताच. मी आशा म्हणते ती ही असली. मन प्रसन्न होण्याची वाट बघत बसलास तर कर्जाचा हप्ता पण राहील आणि अर्ज भरायचे पण राहतील.

पंडिता रमाबाईंचंच बघ. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, तेव्हा त्या पंचविशीच्या पण आत आणि पदरात छोटी मनोरमा. पुढं केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, फळझाडं लावली, दुष्काळातल्या पोरी आणून सांभाळल्या. 1921 ला मनोरमा पण गेली, म्हणजे दुःखानं काही पाठ सोडली नाही, पण बायबल मराठीत आणायचं काम त्या 1922 ला जाईपर्यंत करत राहिल्या.

प्रार्थना जमत नाही म्हणालास ना मागं, तर चांगली चांगली वाक्यं जुळवू नको. 88 वं स्तोत्र वाच, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी कुणी ते बायबलमधनं काढलं नाही. तक्रारच करायची तर देवाच्या तोंडावर कर, फाउंड्रीच्या आवाजात बाकी कुणाला ऐकू पण जाणार नाही. आणि योहानाचा 21 वा अध्याय तर नाईट शिफ्टवाल्यांसाठीच आहे. पुनरुत्थान झालेलं, तरी शिष्य परत मासे धरायला गेलेले, रात्रभर राबून हाताला काही नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर येशू कोळशाच्या विस्तवावर मासे भाजत बसलाय, भाकर पण आहे, म्हणतो या, न्याहारी करा. येशूला ओळखत नाही म्हणालेल्या पेत्राशी अवघड बोलणं त्यानं खाणं झाल्यावर काढलं. माझा सगळा भरवसा याच्यावर आहे बघ, की मेलेला उठला आणि उठल्यावर आधी दमलेल्या माणसांना खाऊ घातलं.

म्हणून शिफ्ट सुटली की आधी जेव आणि झोप, फोन लांब ठेव. जगणं नको असले विचार यायला लागले तर लाजू नको, मला कधीही फोन कर, नाहीतर 14416 ला कर, सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, डॉक्टरकडं गेल्यानं विश्वास कमी होत नाही, एवढी वर्षं नर्स होते मी. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आणि हो, भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात ती बाबांना देऊ नको, पोटॅशियम वाढतं, वाईट वाटलं तर वाटू दे त्यांना, तूच पी.

रविवारी उपासनेला ये म्हणून मी मागं लागणार नाही. आलास तर मागच्या बाकावर बस, गायचं नसलं तर गाऊ नको, बाकीचे गातात तोवर ऐक. पाळकसाहेबांना मी फक्त बाबांच्या नावाची चिठ्ठी दिलीय प्रार्थनेसाठी, बाकी काही बोलले नाही.

गुरुवारच्या डायलिसिसला मी बसते चार तास बाबांजवळ, मला काय, स्वेटर विणायचाच आहे. त्यांना सकाळी किती वाजता न्यायचं तेवढं कळव, आणि फाईल पिशवीत घालून ठेव.

तुझी काकी