आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, समितीत नाव घातलंय, काम करावं का? प्रॅक्टिसला फायदा होतो का?

नाही होत. दवाखाना टाकून वर्ष झालंय आणि शाखेने न विचारता समितीत नाव घातलंय, असं तुम्ही लिहिलंय. पेशंट लेटरहेडवरचं 'सहसचिव' वाचून येत नाही. मेडिकल कौन्सिलला लागणारे पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट सीएमईला (डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना) खुर्चीत बसूनही मिळतात, त्यासाठी जेवणाची ताटं मोजत उभं राहायची गरज नाही.

पण कोणती समिती ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

माझं तालुक्याच्या गावी छोटं प्रसूतिगृह आहे. शाखेत आले तेव्हा त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांस्कृतिक बघा. रांगोळी, डॉक्टर्स डेचं सूत्रसंचालन." मी बायोमेडिकल वेस्टची, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याची समिती मागितली. हशा पिकला. ती समिती फक्त कागदावर होती. तिचा प्रमुख गाव सोडून गेला तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कचऱ्याची गाडी लांबच्या शहरातून यायची, म्हणजे आली तर यायची. पिवळ्या पिशवीतला (शरीराचे भाग, रक्ताने माखलेला) कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, हा २०१६ चा नियम सगळ्यांना पाठ. पण गाडीच आली नाही तर? ऑर्थोवाल्यांचं कापलेलं प्लास्टर कोपऱ्यात पडून राहतं, बाळंतपणातली वार राहत नाही. एका दिवाळीत सिस्टर नाकाला रुमाल लावून सांगायला आली, "मॅडम, फ्रीजरमध्ये आता जागा नाही." अध्यक्षांना फोन केला तर म्हणाले, "बघू, सणाचे दिवस आहेत." कचरा नेणाऱ्या एजन्सीचं बिल मात्र सणाला थांबत नव्हतं. ते खाटांवर लागायचं, खाट भरलेली असो की रिकामी.

मग मी वही घातली. गाडी कधी आली, किती पिशव्या गेल्या, वजन किती, सही कुणाची. माहिती सिस्टर आणि मावशींकडून घ्यायची, डॉक्टरांकडून नाही. गाडी कुठल्या वारी येते हे त्यांना माहीतच नसतं. ४८ तास उलटले की प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासकट लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. वही घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेले तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "तेव्हा आम्हाला कळवलं होतं का?" मी पोचांची फाइल टेबलावर ठेवली. एजन्सीला पत्र गेलं, गाडी एक दिवसाआड यायला लागली, चुकलेल्या फेऱ्यांचे पैसे पुढच्या बिलातून वळते झाले.

१ जुलैला, डॉक्टर्स डेला, शाल-श्रीफळ अध्यक्षांना. भाषणात, "आमच्या शाखेने कचऱ्याचा प्रश्न निकाली काढला." सूत्रसंचालन शेवटी माझ्याच गळ्यात पडलेलं, त्यामुळे 'जोरदार टाळ्या' हेही मलाच म्हणावं लागलं.

म्हणून सांगते, जिथे पत्रव्यवहार आहे अशी समिती मागा: कचरा, कायदा, नाहीतर हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांची. पत्रावर सही कुणाची आणि पोच कुणाच्या फाइलला, हे आधीच ठरवून घ्या. इतिवृत्तात नाव आलं का ते स्वतः वाचा. बाई असाल आणि सांस्कृतिक पुढे केली तर सरळ नाही म्हणा. 'मॅडमना वेळ नसतो' म्हणतील, म्हणू देत. आणि 'पदाचा मोह नको, सेवा करा' असं सांगणाऱ्याला त्याने स्वतः किती वेळा निवडणूक लढवली ते जरूर विचारा.

अर्थात घरी तान्हं मूल असेल किंवा रात्रीच्या केसेस एकट्याने काढत असाल तर सध्या यात पडूच नका. सगळे अध्यक्षही सारखे नसतात. आमचे आत्ताचे बरे आहेत, दिवाळीतही फोन उचलतात.

कचऱ्याचीच समिती मिळाली तर मे महिन्यातच सगळ्यांच्या मागे लागा, वार्षिक अहवालाचा फॉर्म ४ मंडळाकडे ३० जूनच्या आत जायला हवा. त्या वेळचे अध्यक्ष अजूनही त्यांचा फॉर्म माझ्या रिसेप्शनिस्टकडून भरून नेतात.