अकादमीच्या फीआधी मुलीची तपासणी करा

शहाद्याहून एका शिक्षिका ताईंनी विचारले आहे की, चौदा वर्षांच्या धावपटू मुलीला पुण्यातील खासगी निवासी अकादमीत तीन वर्षे ठेवण्यासाठी 9 लाखांची मुदत ठेव मोडावी की सोने तारण ठेवावे. फी वर्षाला सव्वातीन लाख, म्हणजे तीन वर्षांची जवळपास 10 लाख आहे. पत्रात ओघाने आणखीही काही आले आहे. मुलगी रोज सकाळी अडीच आणि संध्याकाळी दोन तास सराव करते, रविवारी लांब पल्ला धावते. तरी 3000 मीटरला तिला गेल्या वर्षीपेक्षा 40 सेकंद जास्त लागतात. तिची नडगी दुखते, मैदानावर निघताना ती रडते, वजनासाठी रात्रीची भाकरी बंद आहे आणि चार महिने पाळी आलेली नाही. ‘खेळाडू मुलींना असे होतेच’, असे प्रशिक्षकांनी सांगितले आहे.

ताई, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. 10 लाखांच्या सोनेतारणावर 10 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख व्याज जाईल. 9 लाखांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी 63 हजार मिळतात. म्हणजे ठेव मोडणे स्वस्त. तरीही आज दोन्हींपैकी काहीच करू नका.

प्रशिक्षकांचे ते वाक्य चुकीचे आहे. खर्च होणाऱ्या शक्तीइतके अन्न मिळाले नाही की शरीर पाळी थांबवते, हाडांची बांधणी मंदावते आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ असे नाव दिले. आयुष्यभर पुरणारी हाडांची ताकद मुख्यतः याच वयात साठते. मुलांच्या सरावाचे आठवड्याचे तास वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, असा क्रीडावैद्यकातील ढोबळ नियम आहे. आपल्या मुलीचे रविवार सोडूनच 27 तास होतात. सराव वाढूनही वेग घटतो, तेव्हा कमी पडलेली असते ती विश्रांती, आणि सव्वातीन लाखांची अकादमी बहुधा आणखी सरावच देईल.

म्हणून धावणे आजच थांबवा आणि याच आठवड्यात तिला अस्थिरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सुरुवातीचा तडा क्ष-किरणात अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा. खासगीत सर्व मिळून 20 हजार गेले तरी ते घालवावेत. रात्रीची कळण्याची भाकरी, डाळ आणि शेंगदाण्याची चटणी ताटात परत येऊ द्या. पुन्हा धावायचे की नाही, हे तिला स्वतःला ठरवू द्या.

‘पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी पक्की’ या आशेवर 10 लाखांचे गणित उभे करू नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरे, परंतु त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतील यश, प्रमाणपत्राची पडताळणी आणि भरती परीक्षा, हे सर्व लागते. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाल्यास निवास आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. ती बरी झाल्यावर आधी तिकडे चौकशी करा.

शेवटी, आपण पत्रात लिहिलेली, ‘मुलीच्या करिअरसाठी’ म्हणून आपल्या गळ्यात मारलेली 48 हजार हप्त्याची विमा पॉलिसी. विमा मुलीच्या आयुष्यावर आहे आणि घर आपल्या पगारावर चालते. हे विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. सहा हप्ते भरून झाले आहेत, तेव्हा ती पेड-अप करता येते का, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवता येते का, ते लेखी विचारा. त्याच पैशांतील 15-20 हजारांत आपल्या नावे मोठा टर्म विमा, म्हणजे मुदतीत आपले काही बरेवाईट झाल्यास घराला रक्कम देणारा निव्वळ विमा, येईल. तपासणीचे अहवाल आले की कळवा, अकादमीचा विचार त्यानंतर करू.