खोड नको, भिंत घ्या

प्रश्न : आमच्या शाळेबाहेर कडुनिंबांची रांग आहे. देशी झाडं वाचवा, हे सांगायला मुलं त्या खोडांवरच ऑइल पेंटनं झाडांची चित्रं काढणार आहेत. ती टिकावीत म्हणून काय करावं?
– एक शिक्षिका, यावल तालुका

उत्तर : खोडांवर काढूच नका. सालीतल्या बारीक छिद्रांतून खोडाला हवा मिळते, ती ऑइल पेंटनं बुजतात. रंग पातळ करायचं टर्पेंटाइनही कोवळ्या सालीला बाधतं. शिवाय खोड जाड होतं तशी साल तडकते आणि चित्रही फाटतं. (गेरू-चुन्याचा पट्टा वेगळा, तो धुऊन जातो.) पाट्यांसाठी खिळेही नकोत.

कुंपणाची भिंत घ्या. जुना चुना तारेच्या ब्रशनं पुरता खरवडा. चुन्यावरच प्रायमर मारला की पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतात आणि दोष बिचाऱ्या रंगाला! 10 बाय 6 फुटांच्या भिंतीला बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक प्रायमर एका हाताला अर्धा ते पाऊण लिटर लागेल. खालचा फूटभर कोरा सोडा, तिथं ओल चढून लोणा फुटतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काम काढू नका. ब्रश वळेस्तोवर रंग वाळतो आणि जोड दिसतात. गेरू, पिवळी माती उन्हात टिकतात. पळसाच्या फुलांत भरलेला केशरी रंग मात्र अधूनमधून पुन्हा भरावा लागेल.

प्रश्न : झाडं कोणती काढावीत?

उत्तर : सातपुड्यातली. अंजन, सालई, मोह, पळस. तपकिरी खांबावर हिरवा गोळा काढला तर चारही सारखीच दिसतील. अंजनाचं पान बघा : आपट्याचं अर्ध्यापर्यंतच चिरलेलं असतं, अंजनाच्या दोन्ही पाती थेट देठापर्यंत वेगळ्या. सालईची साल कागदासारखी सुटते, तेच तिचं चित्र. पळस फुलांचा काढाल तर बहुतेक पानं गळालेला काढा. पानं दाखवायची तर तीन-तीनच. मोहाची फुलं फांदीच्या टोकाला झुबक्यानं, मळकट पांढरी. मुलांना फोटोवरून काढायला लावू नका, फांदी हातात द्या. पण गळून पडलेली.

चित्राखाली घोषणेपेक्षा माहिती लिहा. अंजन, मोह, खैर, साग ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अंजनाखाली आणखी एक ओळ हवी : उन्हाळ्यात गुरांच्या चाऱ्यासाठी पाला काढताना शेंडा आणि वरच्या फांद्या राखा, नाहीतर झाडाला शेंगा धरत नाहीत आणि नवी रोपं उगवायला बीच उरत नाही.