मोटारसायकलला मोटारीचा टायर: हवा किती ठेवावी?

प्रश्न: मी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. माझ्या होंडा गोल्डविंग जीएल १८०० च्या मागच्या चाकाला १९५/५५ आर १६ मापाचा मोटारीचा टायर बसवला आहे. हवा पूर्वीसारखी ४१ पीएसआयच ठेवावी का?

उत्तर: ४१ हा आकडा कंपनीने १८०/६० आर १६ या मूळ टायरसाठी दिलेला आहे, तो तुमच्या टायरला लागू होत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला आकडाही कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नव्हे. मोटारीच्या टायरचा माथा (रस्त्याला टेकणारा भाग) सपाट असल्यामुळे हवा जास्त झाली की वळणावर गाडी कलायला अडते आणि झीज मधोमध होते. हवा फार कमी झाली, तर बाजू सतत दुमडून टायर तापतो, आणि हा धोका अधिक गंभीर आहे.

म्हणून सकाळी थंड टायरमध्ये हवा मोजावी, नेहमीच्या वजनासह अर्धा तास हमरस्त्यावर गाडी चालवावी आणि लगेच पुन्हा मोजावी. वाढ १० टक्क्यांहून बरीच जास्त असेल, तर थंडपणी हवा कमी होती असे समजावे. माथ्यावर खडूची आडवी रेघ ओढून थोडे सरळ अंतर गेल्यास ती कुठे पुसली जाते, तेही दिसते. प्रत्येक बदल दोन पीएसआयचाच करावा.

मात्र मोटारीच्या आणि मोटारसायकलच्या टायरांच्या चाकात बसणाऱ्या कडांची घडण वेगळी असते आणि उत्पादक अशी अदलाबदल मान्य करत नाहीत. त्यामुळे मागे कुणाला बसवणार असाल, तर मूळ प्रकारचाच टायर लावा, असे मी कळकळीने सांगेन.