सगळं मोबाइलवर आलंय, आधारही व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात. यात फायदा जास्त की धोका?

फायदा आहेच. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हे आम्ही कोल्हापूरकर मोबाइलवरच बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. गाडी कधी हलवायची ते त्यावरच ठरतं.

पण त्याच मोबाइलवर आमच्या काकांना 'लग्नपत्रिका' आली. होती एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल! उघडली, अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, काकांनी दिली. मग चोरांना ओटीपी विचारायला फोन कशाला करावा लागतो? तो आपोआपच पलीकडं पोचतो. काकांनी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थोडक्यात निभावलं. असं झालं तर आधी नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँक. लाजत बसू नका, तिथंच वेळ जातो.

खाजगीपणाचं म्हणाल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण एकदा पाठवलेला फोटो काही परत येत नाही. मास्क्ड आधार वापरा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. परवा एका लॉजवर दिलं तर मॅनेजर म्हणतो, "नंबर खोडलाय व्हय ह्यो?"